गाडी चालतच नाही, मग ऑइल कशाला बदलायचं?

खिडकीतली_वेल (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. गाड्यांमधलं मला एवढंच कळतं की पेट्रोल संपलं की गाडी थांबते. प्रश्न बाळबोध असेल तर सांभाळून घ्या.

आमची पेट्रोल हॅचबॅक सहा वर्षांची झाली. मीटरवर १४,२१० किमी. काम घरूनच असल्यामुळे ती फारशी बाहेर पडत नाही. शेवटचं ऑइल १९ महिन्यांपूर्वी बदललं, त्यानंतर गाडी फक्त १,३४० किमी फिरली आहे. गॅरेजवाला म्हणतो, मुदत कधीच उलटली, ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदला. भाऊ म्हणतो, ही शुद्ध लूट आहे. त्याने डिपस्टिक (ऑइलची पातळी बघायची पट्टी) काढून पांढऱ्या फडक्यावर पुसून दाखवली. ऑइल अगदी सोनेरी. "हे फेकणार? वेड लागलंय का?" असं म्हणून फडकं माझ्या हातात देऊन गेला.

आणखी एक. गाडी उभी राहून खराब होऊ नये म्हणून बाबा दर रविवारी सकाळी खाली जातात, ती चालू करतात, दहा मिनिटं जागेवरच गुरगुरू देतात, बॉनेटवर हात ठेवून गरम झाल्याची खात्री करतात आणि बंद करून वर येतात. दीड वर्षात एक रविवार चुकलेला नाही. तेव्हा गाडी "उभीच" आहे असंही म्हणता येत नाही.

तर, बदलायचं का? की १०,००० किमी होईपर्यंत थांबायचं? या वेगाने ते व्हायला अजून दहा वर्षं लागतील.

---

ढिला_स्क्रू

मॅन्युअल उघडा. त्यात "१०,००० किमी किंवा १२ महिने" लिहिलं असेल, आणि पुढे चार शब्द असतील जे कोणीच वाचत नाही: "यांपैकी जे आधी होईल". तुमचं आधी झालं. विषय संपला.

---

सायलेन्सर

विषय संपला कसा? आत्ता कुठे सुरू झालाय.

जे तेल जमिनीच्या पोटात कोट्यवधी वर्षं सुखाने पडून होतं, ते इंजिनात घातल्यावर बरोबर बाराव्या महिन्याच्या तीस तारखेला नासतं? आणि कंपनीच्या सीलबंद डब्यात पाच वर्षं टिकतं, ते कसं? डब्यात टिकतं तर बंद इंजिनात का नाही टिकणार? गाडी न चालवणाऱ्याकडूनही दरवर्षी सर्व्हिसिंगचे पैसे निघावेत म्हणून ही कॅलेंडरची अट घातलेली आहे. सोनेरी ऑइल असेल तर वेलताई, खुशाल ठेवा. भावाचं ऐका.

---

ढिला_स्क्रू

सायलेन्सरभाऊ, नावाला जागा, थोडं शांत. वॉरंटीतली गाडी असेल तर ती कॅलेंडरची अट पाळली नाही म्हणून क्लेम नाकारतात, हेही ताईंना सांगा. (सहा वर्षांच्या गाडीची वॉरंटी संपली असावी, पण वाचणारे इतरही आहेत.)

---

वंगणवाला

निवृत्त माणूस आहे. नोकरीची सगळी वर्षं वंगणाच्या प्रयोगशाळेत वापरलेली ऑइलं तपासण्यात गेली. त्यामुळे जरा लांबण लावतो, सोडून द्यायचं असेल तर खुशाल द्या.

आधी सायलेन्सर यांचा मुद्दा. जमिनीतलं तेल आणि इंजिन ऑइल यांचं नातं कापूस आणि रेनकोटइतकंच. डब्यातल्या ऑइलमध्ये मूळ तेलाबरोबर बरीच रसायनं कालवलेली असतात. काजळी तरंगत ठेवणारी, धातू झिजू न देणारी (यात जस्त आणि फॉस्फरस असलेलं एक रसायन मुख्य), फेस मोडणारी, आणि आम्ल मारणारी. ही शेवटची आजच्या प्रश्नाला महत्त्वाची. ऑइलमध्ये आम्ल मारण्याची ताकद किती शिल्लक आहे ते आम्ही टीबीएन या आकड्याने मोजतो. पेट्रोल गाडीच्या ताज्या ऑइलचा टीबीएन साधारण ६ ते १० असतो आणि वापराबरोबर तो उतरत जातो. सीलबंद डब्यात तो उतरत नाही, कारण तिथे त्याला मारायला आम्लच नसतं. डबा आणि इंजिन यांतला फरक हा.

मग बंद गाडीत आम्ल येतं कुठून? बंद गाडीत येत नाहीच. येतं ते चालू करून लगेच बंद केलेल्या गाडीत.

एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं. खोटं वाटेल, पण पेट्रोलमधल्या हायड्रोजनला हवेतला ऑक्सिजन मिळाला की दुसरं काय होणार? त्यातलं बहुतेक पाणी वाफ होऊन सायलेन्सरमधून (भाऊ, तुम्ही नाही) बाहेर जातं. पण थोडा वायू पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून खाली ऑइलकडे उतरतो. त्या वायूत वाफ असते, न जळलेलं पेट्रोल असतं, नायट्रोजनची ऑक्साइडं असतात. इंजिन व्यवस्थित तापलेलं असलं की यातलं बरंचसं पुन्हा वाफ होऊन पीसीव्ही व्हॉल्व्ह नावाच्या झडपेतून इंजिनात ओढलं जातं आणि जळून जातं. इंजिन गारच असेल, तर वाफ थंड लोखंडाला लागून थेंब धरते, थेंब ऑइलमध्ये उतरतात, ऑक्साइडं त्यात विरघळतात, आणि झालं सौम्य आम्ल. शिवाय गार इंजिनाला संगणक मुद्दाम जास्त पेट्रोल देतो. त्यातलं काही सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइल धूत खाली येतं.

आता बाबांचे रविवार. १९ महिन्यांचे धरा ८० रविवार, म्हणजे ८०० मिनिटं, तेरा तासांच्या वर. जागेवर चालू असलेलं लहान इंजिन तासाला पाऊण लिटर पितं असं धरलं तरी दहा लिटर पेट्रोल जळलं. म्हणजे दहा लिटर पाणी, आणि ते सगळं अर्धवट तापलेल्या इंजिनातून गेलं. त्यातला किती भाग ऑइलमध्ये मुरला हे ऑइल तपासल्याशिवाय कोणी सांगू नये. पण तुमच्या मीटरवर हे तेरा तास शून्य किलोमीटर म्हणून नोंदले गेले आहेत, एवढं नक्की.

---

खिडकीतली_वेल

बापरे. म्हणजे बाबा दीड वर्ष मनोभावे जे करत होते ते...?

त्यांना हे कोणत्या तोंडाने सांगू? आणि बॉनेट तर खरंच गरम लागतं, मी स्वतः हात लावून पाहिलाय.

---

ढिला_स्क्रू

बॉनेट गरम लागणं म्हणजे रेडिएटरकडचं पाणी आणि एक्झॉस्ट तापलं. ऑइल खाली चेंबरमध्ये असतं, ते फार मागून तापतं. चालत्या गाडीतही पाण्याचा काटा पाच-सात मिनिटांत मध्यावर येतो आणि ऑइलला त्याच्या दुप्पट-तिप्पट वेळ लागतो. जागेवर उभ्या गाडीत इंजिनावर भारच नसतो, त्यामुळे तर आणखी उशीर. दहा मिनिटांत ऑइल कोमट होतं. कोमट म्हणजे सगळ्यात वाईट, पाणी यायला पुरेसं आणि जायला अपुरं.

आधी मी चार शब्दांत विषय संपवला होता, तो मागे घेतो. काकांना गाडी बंद करायला सांगू नका. चालवायला सांगा. आठवड्याला दहा मिनिटं जागेवर ठेवण्यापेक्षा दोन-तीन आठवड्यांतून एकदा ३०-४० मिनिटं मोकळ्या रस्त्यावर, गिअर बदलत. बॅटरीही चार्ज होईल, ब्रेक डिस्कवरचा गंजही पुसला जाईल, टायर एकाच जागी चपटे होणार नाहीत.

---

रात्रपाळी

या धाग्याची मला सहा महिन्यांपूर्वी गरज होती.

घर ते कामाची जागा दोन किमी. जायचं दोन, यायचं दोन. रात्रीची वेळ म्हणून गाडीच नेतो. थंडीत एकदा काचेचं पाणी भरायला बॉनेट उघडलं आणि सहज ऑइलचं झाकण फिरवलं. झाकणाच्या आतल्या बाजूला पिवळट-पांढरा, चेहऱ्याला लावायच्या क्रीमसारखा थर! बोटाने काढला तर चिकट, फेसाळ. फोटो काढून एका गॅरेजला पाठवला. उत्तर आलं, "हेड गॅस्केट गेलंय, इंजिन खोलावं लागेल." (म्हणजे कूलंट, इंजिन गार ठेवणारं पाणी, ऑइलमध्ये शिरू न देणारं सील फाटलंय.) त्या रात्री झोप नाही.

दुसऱ्या मेकॅनिकने गाडी बघितली. कूलंटची टाकी पाहिली, पातळी जिथल्या तिथे. डिपस्टिक काढली, त्यावर ऑइल स्वच्छ, दुधी नाही. चालू करून मागून धूर पाहिला, पांढरा लोट नाही. मग त्याने एवढंच विचारलं, "रोज किती लांब जाता?" मी सांगितलं. तो हसला. झाकण पुसून दिलं आणि म्हणाला, ऑइल बदला आणि सुट्टीच्या दिवशी गाडीला जरा लांब न्या. तेव्हापासून पंधरवड्यातून एकदा ५०-६० किमी जाऊन येतो. थर परत आलेला नाही.

---

वंगणवाला

रात्रपाळी यांचा दुसरा मेकॅनिक सांभाळून ठेवण्यासारखा आहे. झाकण हा इंजिनातला सगळ्यात वरचा आणि सगळ्यात गार भाग. वाफ तिथे जाऊन बसते आणि ऑइलच्या तुषारांबरोबर घुसळली जाते. फक्त झाकणाखाली थर असेल तर ती आखूड फेऱ्यांची खूण. डिपस्टिकवरही दुधी दिसलं, कूलंट कमी होत असलं, गाडी तापत असली, तर मात्र एक किमीही न चालवता, ओढून दाखवायला न्यावी.

आणि ही दोन किमीची रोजची फेरी. बऱ्याच मॅन्युअलमध्ये मागच्या पानांवर "कठीण वापर" असं दुसरं वेळापत्रक असतं. लोकांना वाटतं ते टॅक्सीवाल्यांसाठी, डोंगरात ओझी वाहणाऱ्यांसाठी. होंडाच्या मॅन्युअलमध्ये त्या यादीत पहिल्या ओळींतच येतं ते असं: एका फेरीत ८ किमीपेक्षा कमी चालवणे, किंवा गोठणाऱ्या थंडीत १६ किमीपेक्षा कमी. म्हणजे जी गाडी घरातले सगळे "अगदी हलक्या वापराची" म्हणून मिरवतात, ती कंपनीच्या लेखी कठीण वापराची निघते.

---

सायलेन्सर

ठीक, पाण्याचं मान्य. पण मग मुद्दा फेरीच्या लांबीचा झाला, कॅलेंडरचा कुठे राहिला? माझ्या मामांची गाडी वर्षाला ८०० किमी चालते, पण महिन्यातून एकदाच, सलग ६५-७० किमी. ऑइल चार वर्षांचं आहे. इंजिन शिवणयंत्रासारखं चालतं. त्यांनी दरवर्षी का बदलायचं?

आणि १२ महिने ही काही निसर्गाची आज्ञा नव्हे. फोक्सवॅगनच्या लाँगलाइफ वेळापत्रकात २ वर्षं किंवा ३०,००० किमी आहे. तिकडचं ऑइल दोन वर्षं टिकतं आणि आपलं एकातच म्हातारं होतं?

---

वंगणवाला

या वेळी तुमचा अर्धा मुद्दा बिनतोड आहे, तो आधी देऊन टाकतो. १२ हा आकडा पवित्र नाही. १२ महिने झाल्यावर तेराव्या महिन्यात ऑइलचं काही विष होत नाही. गाडी कोण कशी चालवतो हे कंपनीला माहीत नसतं, म्हणून सगळ्यांत वाईट ग्राहक धरून काढलेला तो आकडा आहे.

उरलेला अर्धा. लाँगलाइफ वेळापत्रक त्यासाठी ठरवून दिलेल्या प्रतीच्याच ऑइलवर चालतं. शिवाय गाडीचा संगणक तुमच्या चालवण्यावर नजर ठेवून असतो आणि आखूड फेऱ्या दिसल्या की मुदत अलीकडे ओढतो. "२ वर्षं" ही कमाल मर्यादा आहे, हमी नव्हे. जनरल मोटर्सच्या गाड्यांतही ऑइलचं उरलेलं आयुष्य टक्क्यांत दाखवणारी यंत्रणा असते. ती ऑइलला हात लावून बघत नाही, इंजिनाचे फेरे आणि तापमान यांवरून हिशेब करते. तरी मॅन्युअल बजावतं की टक्के कितीही दिसोत, वर्षातून एकदा तरी बदलाच.

मामांबद्दल: महिन्यातून एकदा सलग ६५ किमी हा कमी चालणाऱ्या गाडीचा सगळ्यात सभ्य वापर आहे. माझी गाडी तशी चालत असती तर मी दीड-दोन वर्षांनी बदललं असतं आणि शांत झोपलो असतो. चार मात्र नाही. "इंजिन मस्त चालतं" हा पुरावा धरू नका. आम्लाने बेअरिंगचा मऊ धातू हळूहळू खाल्ला जात असताना बाहेर आवाज येत नाही. आवाज येतो तेव्हा उशीर झालेला असतो.

---

सायलेन्सर

मामांना सांगतो. ते ऐकणार नाहीत. पण सांगतो.

---

डिझेल_दादा

डिझेलवाल्यांचं कोणी बोलत नाही म्हणून. आमच्या गाडीत डीपीएफ आहे, धुरातली काजळी पकडणारी चाळणी. ती भरली की गाडी आपोआप जास्तीचं डिझेल फवारून काजळी जाळते. त्यासाठी सलग चालणं लागतं. आखूड फेरीत ते काम अर्ध्यावर तुटतं आणि जास्तीचं डिझेल ऑइलमध्ये उतरतं. माझ्या डिपस्टिकवर पातळी कमी होण्याऐवजी वाढत गेली! मी मूर्खासारखा खूश, की गाडी ऑइल पीत नाही. वरच्या खुणेच्या बोटभर वर गेल्यावर मेकॅनिकने झापलं.

ऑइल वाढलं तर आनंद मानू नका. ते ऑइल नसतं.

---

अर्धी_वीज

माझी प्लग-इन हायब्रीड, म्हणजे चार्ज करायची बॅटरी आणि पेट्रोल इंजिन दोन्ही. रोजचं जाणं-येणं बॅटरीवरच होतं, इंजिन महिनोन्‌महिने चालू होत नाही. मग माझं काय? इंजिन चालतच नाही तर पाणी नाही, आम्ल नाही. सायलेन्सर यांचा डबा आणि माझं इंजिन सारखंच की.

---

ढिला_स्क्रू

बहुतेक हायब्रीड गाड्या इंजिनाला इतकं झोपू देत नाहीत. जुन्या शेव्हरोले व्होल्टमध्ये तर सोयच होती. साधारण सहा आठवडे इंजिन लागलं नाही की गाडी स्वतःच ते काही मिनिटं चालवायची, आतल्या भागांना ऑइल लागावं म्हणून. पेट्रोल वर्षाच्या आसपास जुनं झालं की ते जाळून संपवायलाही इंजिन लावायची. आणि एवढं असून व्होल्टला ऑइलची मुदत होती दोन वर्षं, किलोमीटर कितीही असोत. तुमच्या मॅन्युअलमध्ये अशीच वेगळी ओळ असेल, ती शोधा. बाकी महिन्यातून एकदा लांब जाताना बटण दाबून इंजिनावरच जा, तेही तापू दे एकदा नीट.

---

परतीचं_तिकीट

मी सहा महिने गाडी बंद ठेवून जाणार आहे. ऑइलला नऊ महिने झालेत. जाण्याआधी बदलू की आल्यावर? आल्यावर बदललं तर ताजं ऑइल मिळेल असा माझा हिशेब.

---

वंगणवाला

जाण्याआधी. वापरलेल्या ऑइलमध्ये जे काही आम्ल-पाणी असेल ते सहा महिने बेअरिंगला कवटाळून बसू देऊ नका. नव्या ऑइलवर एकदा अर्धा तास चालवून आणा, म्हणजे ते सगळीकडे पोचेल. मग गाडी बंद करा आणि बंदच राहू द्या. शेजाऱ्याला किल्ली देऊन "अधूनमधून चालू करत जा" हे मुळीच सांगू नका. बॅटरीची वायर काढून ठेवा किंवा मेंटेनर चार्जर (बॅटरी हळूहळू भरलेली ठेवणारा) लावा. आल्यावर लगेच पुन्हा ऑइल बदलायची गरज नाही.

---

परतीचं_तिकीट

शेजाऱ्याला कालच किल्ली देऊन आलो होतो. परत घेतो.

---

कपाटातला_डबा

माझ्याकडे तीन वर्षांपूर्वीचा सीलबंद डबा आहे. चालेल?

---

ढिला_स्क्रू

घट्ट बंद, उन्हात न ठेवलेला डबा साधारण पाच वर्षं धरतात. वापरण्याआधी हलवून घ्या. डब्यावरचा दर्जा आणि ग्रेड मॅन्युअलशी जुळतो का बघा. एपीआय (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) चा एसएन हा २०१० सालचा दर्जा, एसपी २०२० चा. जुना दर्जा मागितला असेल तर नवा चालतो, उलट नाही. अर्धवट वापरलेला, झाकण सैल राहिलेला डबा असेल तर कुरकुरणाऱ्या बिजागऱ्यांना ठेवा.

---

टायरवाली

ऑइलवरच सगळे तुटून पडलाय, ब्रेक ऑइलचं काय? ते तर हवेतलं पाणी शोषतं, बहुतेक कंपन्या दोन-तीन वर्षांत बदलायला सांगतात, गाडी चालो वा न चालो. आणि टायर...

---

ढिला_स्क्रू

मान्य, पण वेगळा धागा काढा ताई, नाहीतर इथे वायपरपर्यंत जाऊ आपण.

---

खिडकीतली_वेल

आठ दिवसांनी परत आले. थोडं सविस्तर लिहिते, कारण मजा आली.

वंगणवालाकाकांना मी व्यक्तिगत निरोपात विचारलं होतं की घरच्या घरी ऑइलमधलं पाणी कळतं का. त्यांनी एक प्रयोग सांगितला, आणि तीनदा बजावलं की गॅसवर नाही, घरात नाही, चेहरा लांब ठेवून. तो असा.

रविवारी बाबांनी नेहमीसारखी गाडी चालू करून बंद केली (मी मुद्दाम अडवलं नाही, शेवटचा रविवार म्हणून). पाच मिनिटांनी मी डिपस्टिक काढली, पुसली, पुन्हा घालून काढली. पातळी वरच्या खुणेच्या दोन-तीन मिलिमीटर वर! गॅरेजच्या कागदावर लिहिलेलं की खुणेपर्यंत भरलंय. नाकाजवळ नेली तर पेट्रोलचा वास, चुकण्यासारखा नाही. रंग अजूनही तसाच सोनेरी.

मग गच्चीत विजेची शेगडी, तिच्यावर जुना लोखंडी तवा. पाण्याचा थेंब टाकल्यावर चुर्र करून उडून जाईल इतका तापवला आणि शेगडी बंद केली. आधी नव्या ऑइलचा एक थेंब टाकला. तो गुपचूप पसरला, पातळ झाला, चकाकत पडून राहिला. आवाज नाही, बुडबुडा नाही. मग तव्याच्या दुसऱ्या कडेला डिपस्टिकवरचा थेंब. एक क्षण काही नाही. मग तळाशी बारीक बारीक बुडबुडे, टाचणीच्या डोक्याएवढे, एकमेकांत शिरून मोठे होत गेले आणि थेंब तडतडला. दोन-तीनदा. अगदी हलका आवाज, पण भाऊ चार पावलांवर उभा होता, त्यालाही ऐकू गेला. बाबा वाकून बघत होते, मी मागे ओढलं.

भाऊ म्हणाला, "पुन्हा कर." पुन्हा केलं. पुन्हा तडतडलं. त्यानंतर तो काही बोलला नाही.

बाबा थोडा वेळ तव्याकडे बघत बसले. मग म्हणाले, "म्हणजे मी दर रविवारी आत पाणी भरत होतो." मी म्हटलं, थोडंसंच. दुपारी ते मला घेऊन पाऊण तास लांबच्या रस्त्याने गेले आणि तिथून थेट गॅरेजमध्ये. गरम ऑइल सोडलं, फिल्टर बदलला, ड्रेन प्लगचा वॉशर नवा घातला. मी शेजारी उभी राहून बघितलं. वाट्टेल ते पातळ, धार एकदम झपकन आली.

---

वंगणवाला

झकास. आमच्याकडे हा प्रयोग रोज व्हायचा. ऑइलमध्ये साधारण ०.१ टक्का पाणी असलं की थेंब बोलू लागतो. टाचणीएवढे बुडबुडे आणि दोन-तीन तडतडी म्हणजे फार नाही, पण आहे. धारेच्या वेगावरून निष्कर्ष काढू नका. गरम ऑइल पातळच असतं. पेट्रोलचा वास आणि वर चढलेली पातळी हा खरा पुरावा.

इतरांना: तव्याच्या भानगडीत पडायचं नसेल तर टिपकागदावर एक थेंब टाकून रात्रभर ठेवा. मध्ये काळाकुट्ट, धारदार कडेचा डाग राहिला आणि बाहेर पसरलाच नाही, तर काजळी तरंगत ठेवायची ताकद संपली. बाहेर फिकट, रुंद कडं उमटलं तर इंधन मिसळलंय. प्रयोगशाळेइतकं अचूक नाही, पण रंगावरून ठरवण्यापेक्षा शंभर पट बरं. काळं ऑइल वाईटच असतं असंही नाही बरं का. डिझेलमध्ये तर नवं घातलेलं ऑइल दुसऱ्या दिवशीच काळं होतं, ते आपलं काम करतंय म्हणून.

वेलताई, आता पुढचं काय ठरवलंत?

---

खिडकीतली_वेल

वर्षातून एकदा ऑइल-फिल्टर, किलोमीटर न बघता. पातळी आणि वास महिन्यातून एकदा मी बघणार. आणि दर दुसऱ्या रविवारी बाबा गाडी घेऊन निदान चाळीस मिनिटं बाहेर. पहिली फेरी आज झाली. चाळीस मिनिटांचे अडीच तास लागले. कुठे गेला होतात विचारलं तर म्हणे, "ऑइल तापत होतं."

---

सायलेन्सर

माघार घेतो, पण एकाच अटीवर. मामांच्या गाडीच्या थेंबावरही हा प्रयोग करणार आणि तडतडला नाही तर इथे येऊन लिहिणार.

एक शंका राहिली. त्या तव्याचं काय केलंत?

---

खिडकीतली_वेल

गच्चीतच आहे, पाण्याच्या टाकीमागे. आई गेले चार दिवस तो शोधतेय. भाऊ आणि मी दोघांनीही काही पाहिलेलं नाही.